खाऱ्या रानातला ऊस

तुम्ही नोकरी कसली करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, "उसाची लग्नं जुळवत होते." लोक हसतात आणि म्हणतात, आता खरं काय ते सांगा. पण खरं तेच आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी आमच्या बेटावरच्या ऊस संशोधन केंद्रात लागले आणि ऐंशीचं दशक सरेपर्यंत माझे हात उसाच्या तुऱ्यांतच होते.

शेतकरी लावतो ती उसाची कांडी. कांडी पुरली की उगवतो तो त्याच जातीचा ऊस, आईसारखा हुबेहूब. नवी जात हवी असेल तर उसाला तुरा येऊ द्यावा लागतो. एका जातीच्या तुऱ्यातले पराग दुसरीच्या तुऱ्यावर झाडायचे, धुळीसारखं बारीक बी धरतं ते पेरायचं. त्यातलं प्रत्येक रोप वेगळं निघतं, घरातल्या भावंडांसारखं. एक उंच, एक किडकं, एक गोड, एक नुसतं पाणचट. त्यातून निवडत निवडत शेतकऱ्याच्या हाती देण्याजोगा ऊस मिळायला दहा-बारा वर्षं सहज जातात. उतावळ्या माणसाने या धंद्यात पडू नये. मी उतावळी होते, तरी पडले.

फिनिक्स गावातल्या आमच्या घरात शेतीचा कुणाला गंध नव्हता. वडील सरकारी कचेरीत, भाऊ शाळेत मास्तर. विज्ञान शिकलेली मुलगी पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत बसेल, अशी आईची समजूत. पहिल्याच दिवशी मला केंद्राने दिले ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. आईने ते कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. पाहुणे आले की ते गोणपाटाखाली झाकायची.

आमचे वरिष्ठ मिस्ये आंद्रे. मिस्ये म्हणजे साहेब. उंच, सडसडीत, बोलायला कंजूष. नियमाला पक्के. ज्याचे आईबाप माहीत नाहीत ते रोप केंद्रात राहणार नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम असा की केंद्राने मंजूर केल्याशिवाय नव्या जातीची एक कांडीही बाहेर जायची नाही. या दुसऱ्या नियमाला कारण होतं. कांडीबरोबर रोगही गावोगाव जातो आणि उसाचे काही रोग बाहेरून दिसतच नाहीत.

माझं पहिलं अडेल गिऱ्हाईक म्हणजे डोंगराकडच्या मोंतान्य ब्लांश गावचे पांडूदादा. त्यांच्या उसाची जुनी पानं टोकापासून कडेकडेने करपत चालली होती. शेजाऱ्याने करणी केली, यावर ते ठाम. शेजारीही आपल्यातलाच, मराठी, पण दोघांचं बोलणं बंद. मी एक पान उलटंसुलटं करून पाहिलं. मधल्या शिरेची वरची बाजू कुंकवाचं बोट ओढल्यासारखी लाल झाली होती. ही पालाशच्या उपासमारीची खूण.

पालाश म्हणजे पोटॅश. पानात तयार झालेली साखर कांडीपर्यंत पोचवायला उसाला तो लागतो. डोंगराकडच्या गावांत पाऊस इतका की जमिनीतला पालाश धुऊन जातो. तो कमी पडला की ऊस जुन्या पानांतला काढून कोवळ्या पानांना देतो, म्हणून जुनी पानं आधी जळतात. पांडूदादांना हे पटायला वेळ लागला, पण खत घातलं आणि पुढच्या खोडव्याची, म्हणजे त्याच बुंध्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाची, पानं हिरवीगार आली. शेजाऱ्याशी मात्र ते बोलले नाहीतच. म्हणाले, "करणी नसंल केली. पर मनात तर आलंच असंल की!"

या पांडूदादांची धाकटी बहीण किनाऱ्यावरच्या सुरिनाम गावात दिलेली. तुळसा तिचं नाव. गावात आणि पुढे आमच्या केंद्रातही सगळे तिला तुळसाकाकीच म्हणायचे. नवरा जानूकाका मासेमारी करणारा, आणि सासरकडून आलेलं समुद्राजवळचं सखल रान काकी स्वतः कसायची. एका उन्हाळ्यात मोठं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ आलं. समुद्र वाळूचा बांध फोडून त्या भागातल्या सगळ्या रानांत शिरला आणि तिथेच बसून राहिला. पाणी ओसरलं, पण ऊस करपायला लागला. काकीने भावाला विचारलं. भाऊ आता पालाशचा जाणकार झालेला. त्याने सांगितलं, पोटॅश घाल. काकीने हात सैल सोडून घातलं. ऊस आणखी करपला. तेव्हा केंद्राला निरोप आला आणि मिस्ये आंद्रेंनी मला जीपमधून सुरिनामला पाठवलं.

काकी बांधावर उभी होती. बुटकी, रुंद खांद्यांची, पदर कमरेला खोचलेला. मी नाव सांगितलं.

"आयो, बाईमानूस धाडलंय!" ती म्हणाली. "बरं झालं. पुरुष येत्यात, बांधावरनं बघत्यात नि जात्यात. तू उतरशील न्हवं आत?"

मी आत उतरले. पानं अगदी पांडूदादांच्या उसासारखीच करपली होती, कडेकडेने, टोकापासून. पण शीर लाल नव्हती. आणि वरंब्यांच्या माथ्यावर पांढुरकी साय धरली होती. काकीने बोटाने ती उचलून जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मीठ होतं ते.

पानांचे नमुने आणून मी ज्योतीच्या यंत्रात घातले. पानांची राख पाण्यात विरघळवून ते पाणी तुषार करून ज्योतीत सोडायचं. मिठातलं सोडियम असेल तर ज्योत पिवळी पेटते, पालाश असेल तर फिकट जांभळी, आणि किती पेटली ते यंत्र मोजतं. काकीच्या उसाने ज्योत अशी पिवळीजर्द केली की शेजारच्या टेबलावरच्या मुली उठून बघायला आल्या.

मी परत गेले आणि काकीला समजावलं. सोडियम आणि पालाश दिसायला जुळ्या भावांसारखे. मुळांना नीट ओळखता येत नाही. पालाश समजून ती सोडियमला घरात घेतात, आणि खरा पालाश दारातच राहतो. म्हणून पान पालाशच्या उपासमारीसारखं जळतं. वर पोटॅशचं खत हेही एक मीठच, ते घातलं की खारटपणा आणखी वाढतो.

जानूकाका जाळं शिवत ऐकत होते. म्हणाले, "मी तिला सांगतोय, सोड ह्ये रान. फिलाओची झाडं लाव, सावली तरी पडंल. समिंदरानं घेतल्यालं कोन माघारी देत न्हाय." फिलाओ म्हणजे किनाऱ्याकडेचं सुरूचं झाड.

"तू माशे धर," काकी म्हणाली. आणि मला विचारलं, "सगळ्याच उसाची मुळं अशी येडी असत्यात काय?"

हाच प्रश्न त्या वेळी मिस्ये आंद्रेंच्या डोक्यात घोळत होता. सगळी मुळं वेडी नसतात. उसाचे काही रानटी नातेवाईक आहेत, गवतासारखे बारीक, कुठेही वाढणारे. त्यांतल्या काहींची मुळं सोडियमला आत घेत नाहीत, किंवा घेतलं तरी खालीच अडवतात, पानापर्यंत जाऊ देत नाहीत. पालाश मात्र घट्ट धरून ठेवतात आणि थोडक्यात भागवतात. हा गुण बीजातून पोरांना मिळतो. पण तो एखाद्या दागिन्यासारखा अख्खा हाती येत नाही. त्याचे बरेच तुकडे असतात, कुणा पोराला दोन मिळतात, कुणाला पाच, कुणाला एकही नाही. आणि त्यांच्यासोबत रानटी बापाचा बारीकपणा आणि आंबट-तुरट रसही येतो. आमच्याकडे अशा संकरातली पोरं बरीच होती. नव्हती ती त्यांची परीक्षा घ्यायला जमीन. केंद्राची सगळी जमीन उत्तम.

मिस्ये आंद्रे स्वतः सुरिनामला आले आणि काकीशी क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, बोलले. एक तुकडा प्रयोगाला द्याल का?

काकीला ते ऐकून हसूच आलं. मला मराठीत म्हणाली, "म्हंजे माझ्यापरीस वाईट रान ह्यांच्याकडं न्हाय?"

"नाही गं काकी."

"घ्या मग. पर लावनी, खुरपनी, पानी समदं मी करनार. तुमची मानसं इथं बसून सिगारेट वढनार, ते मला नगं."

काकीने शब्द पाळला. विहिरीचं पाणीही मचूळ झालं होतं, तेच आम्हाला हवं होतं. पहिल्या वर्षात बहुतेक संकर मेले. मी नमुने न्यायला जायची तेव्हा काकी मेलेल्या ओळी दाखवत चालायची, जणू गावातली मयतं सांगावीत. "ही गेली. ही बी गेली. ह्या मधल्यानं लई दम धरला व्हता." थोडे जगले. ज्योतीत त्यांची पानं फिकट जांभळी जळली, पिवळेपणा अगदी कमी. मी इतकी खूश झाले की जीपमधून येताना गात होते.

मग त्यांचा रस काढला. रसाचा थेंब काचेवर ठेवून लहानशा दुर्बिणीतून पाहिलं की गोडी किती ते आतल्या रेघेवर दिसतं. रेघ पार खाली. काकीने एक कांडी दाताने सोलली, चावली आणि थुंकली.

"शांता, ह्ये गवत हाय. कारखानेवाला ह्ये गाडीतनं उतरून बी घ्यायचा न्हाय."

निवड समितीनेही तेच म्हटलं, जरा सभ्य भाषेत. प्रयोग बंद करावा. बेटावर खारवट जमीन ती किती, त्यासाठी माणसं आणि वर्षं कशाला घालवायची? हा मुद्दा खोटा नव्हता. मी समितीत नव्हते, पण त्या दिवशी मिस्ये आंद्रेंच्या खोलीत न विचारता गेले आणि म्हटलं, हे जगलेले ऊस शेवट नाहीत, या तर आया आहेत. यांना गोड नवरे द्या.

त्यांनी समितीचा कागद बाजूला सारला. "एक हंगाम," ते म्हणाले.

आता लग्नातली खरी अडचण. वर-वधूंचे मुहूर्त जुळेनात. रानटी रक्ताच्या उसाला तुरा लवकर येतो, गोड उसाला उशिरा. पराग काही तासांत मरतात, साठवून ठेवता येत नाहीत. यावर एक जुना उपाय आहे. शेंड्याची कोवळी पानं पुन्हापुन्हा छाटत राहायचं, मग तुरा मागे पडतो. मी कात्री घेऊन काकीच्या रानात गेले आणि पहिलं पान छाटलं, तोच मागून मनगट धरलं गेलं.

"काय करतीयास?"

मी सांगितलं.

"बे नों! अजाबात न्हाय! माझं समदं रान मेलं. ह्ये येवढं जगलं, आनि त्याचा शेंडा तू खुडतीस?"

"काकी, याचं लग्न लावायचं तर याला थोडं थांबवावं लागेल."

"आनि मेलं तर?"

मरणार नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नव्हते. पालाश कमी, मीठ जास्त, आणि वर पानं छाटायची. सोसेल की नाही कोण जाणे. मी तसंच सांगितलं. काकीने माझ्या हातातली कात्री काढून घेतली. मला वाटलं, आता ती समुद्रात फेकणार.

"तू काय रोज येनार हायस?" ती म्हणाली. "कुठवर खुडायचं त्ये दाव. मीच खुडते."

पुढचे आठवडे तिनेच खुडलं. तुरे आले ते बरोबर हवे तेव्हा. आम्ही ते दांडे कापून बादल्यांत उभे केले, कापड लावलेल्या पिंजऱ्यांत गोड जातीच्या तुऱ्यांखाली ठेवले आणि रोज सकाळी वरचे दांडे हलवून पराग झाडले. बी धरलं. पेरलं. केसांसारखी रोपं उगवली, कुंड्यांत गेली, वीतभर झाली. त्या वर्षीचे इतर सगळे संकरही त्याच काचघरात होते. प्रत्येक ओळीच्या टोकाला आईबापांची नावं लिहिलेली पाटी.

आणि सिक्लोनचा इशारा आला.

दुपारीच अंधारलं. काचघर टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. शिपाई, ड्रायव्हर, कारकून, मिस्ये आंद्रे, जो होता तो कुंड्या उचलून दगडी गोदामाकडे पळत होता. कोण कुठून उचलतंय, कुठे ठेवतंय, हे बघायला कुणाला सवड नव्हती. शेवटच्या फेरीला वाऱ्याने मला भिंतीवर आपटलं, ड्रायव्हरने दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. थोड्या वेळाने काचघर कोसळल्याचा आवाज आला.

वादळ सरल्यावर दार उघडलं. रोपं जवळजवळ सगळी वाचली होती. पण पाट्या ओळींच्या टोकाला होत्या, आणि ओळी आता उरल्या नव्हत्या. गोदामात नुसत्या कुंड्याच कुंड्या, एकीला दुसरीपासून ओळखायची सोय नाही. वर्षभराचे सगळे संकर एकमेकांत मिसळलेले. काही पाट्या पुढे कित्येक आठवडे लोक शेजारच्या रानांतून आणून देत होते.

मिस्ये आंद्रे एका पालथ्या पेटीवर बसले. नियम त्यांचाच होता. बिनआईबापाचं रोप राहणार नाही.

"सगळी टाकून द्यावी लागतील," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, पण टोपी त्यांनी हातात घेऊन चुरगळली होती.

कुणीतरी म्हणालं, सगळ्यांना खारं पाणी घाला. मरतील ती मरतील, जगतील ती सुरिनामची. पण मग गोड जातींचे चांगले संकर आपल्याच हाताने मारल्यासारखे होतील. तेही नको. मी कुंड्यांमधून हिंडत होते. एका रोपाला बुंध्याशी बारीक फुटवा, म्हणजे बाजूचा नवा कोंब, आला होता. मी खाली बसले आणि तो बघत राहिले.

"मिस्ये," मी म्हटलं, "थांबलो तर? सगळ्यांना फुटवे येतील. मग एका रोपाची दोन करू. एक इथे चांगल्या जमिनीत, त्याचंच दुसरं काकीच्या रानात. तिथलं मेलं तरी इथलं राहील. तिथलं जगलं तर इथलं कोण आहे ते कळेल."

ते उठले. "दोघांना एकच क्रमांक," ते म्हणाले, आता भराभर. "नवा क्रमांक. आणि पाटी कुंडीला बांधायची, ओळीला नाही. जगतील त्यांची पानं ज्योतीत तपासायची. नशिबाने जगलेलं आणि गुणाने जगलेलं यांत फरक करावा लागेल." मग म्हणाले, "आईबाप आपण त्यांच्या वागण्यावरून ओळखू."

एवढी रोपं फाडून दोन-दोन करणं हे कंटाळवाणं काम. सगळा विभाग त्याला जुंपला. सुरिनामला लॉरी भरून रोपं गेली तेव्हा काकीच्या स्वतःच्या घराचे पत्रे अजून बसवायचे होते. जानूकाकांची होडीही फुटली होती. मी म्हटलं, लावणी पुढच्या महिन्यात करू.

"पत्र्याला मुळं न्हाईत, त्यो वाळत न्हाय," काकी म्हणाली आणि सरीत उतरली. होडी नव्हती म्हणून जानूकाकाही आले. फिलाओचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही.

काकीच्या रानात मरण सुरू झालं, तसं ते होणारच होतं. पण या वेळी मेलेल्या प्रत्येक रोपाचा जुळा केंद्रात हिरवागार उभा होता, त्यामुळे कुणाला हळहळ नव्हती. जगली ती मोजकी. त्यांतली काही पुन्हा गवतच. एक मात्र पहिल्यापासून वेगळं दिसत होतं. कांडी अंगठ्यापेक्षा जाड, पानांच्या कडा स्वच्छ. ज्योतीत त्याचं पान फिकट जांभळं जळलं. कापणीच्या हंगामात मी रसाचा थेंब काचेवर ठेवला. रेघ इतकी वर गेली की मला वाटलं, काच खराब आहे. पुसली, पुन्हा थेंब टाकला. रेघ तिथेच.

मी काही न बोलता काकीला एक कांडी दिली. तिने दाताने सोलली. चावली. रस गिळला. पुन्हा चावली.

"हां," ती म्हणाली. "आता ऊस."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण आमच्या धंद्यात इथून पुढे वर्षं लागतात. एका रानात चाललेला ऊस दुसरीकडे चालेलच असं नाही. मोंतान्य ब्लांशला पांडूदादांच्या शेतातही तो लावला. मला आशा होती की पालाश थोडक्यात भागवायचा गुण तिथेही कामी येईल. तिथे तो बरा आला, पण नेहमीच्या जातींपुढे उजवा ठरला नाही. मीठ सोसणं आणि कमी पालाशवर भागवणं या सख्ख्या बहिणी असल्या तरी प्रत्येक घरी दोघी एकत्र येतीलच असं नसतं, हे मी तिथे शिकले. तो निकाल मला मनाविरुद्ध स्वतःच लिहावा लागला. समितीने पाहिलं की बेटाच्या मोठ्या भागाला ही जात उपयोगाची नाही, आणि मंजुरी पुढे ढकलली. पुढच्या वर्षी पुन्हा ढकलली. मी दर वेळी सुरिनामचे आकडे नेऊन टेबलावर ठेवायचे. समितीवाले नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते.

एके सकाळी मिस्ये आंद्रे म्हणाले, चला, सुरिनाम बघून येऊ. समितीपुढे एकदा शेवटचं बोलायचं त्यांनी ठरवलं होतं. गावाच्या अलीकडे त्यांनी जीप थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला कुणाचा तरी ऊस उभा होता. ते खाली उतरले, एक पान हातात घेतलं, कांडीच्या पेरावरचा डोळा बघितला. मीही बघितला. तो आमचाच ऊस होता. पुढच्या रानातही तोच. समुद्राच्या बाजूने जिथवर नजर जात होती तिथवर, एकेका तुकड्यात, परसात, विहिरीच्या कडेला, तोच.

मंजुरीआधी एक कांडी बाहेर जायची नाही. नियमाने हे सगळं उपटून जाळायला हवं होतं. आम्ही चालत काकीच्या रानाकडे गेलो. बातमी आमच्या पुढे धावली असावी. बांधावर दहा-वीस माणसं गोळा झाली होती. काकी मधोमध उभी, पदर खोचलेला.

"हे तुम्ही वाटलंत?" मिस्ये आंद्रेंनी क्रिओलमध्ये विचारलं.

"वी, मिस्ये." होय.

"का? थोडं थांबला असतात, तर एकट्या तुमच्याकडे या उसाचं लावणीचं बेणं असतं. सगळा किनारा तुमच्या दारात आला असता."

काकीला या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "ह्याला सांग. समिंदर काय माझ्या एकलीच्या रानात आला व्हता?"

मी भाषांतर केलं. मिस्ये आंद्रेंनी बाह्या दुमडल्या आणि माझ्याकडे हात केला.

"सुरी आणा. प्रत्येक रान तपासायचं. रोगट निघेल ते उपटायचं, स्वच्छ निघेल ते राहील. जबाबदारी माझी."

आम्ही गावाच्या एका टोकापासून सुरुवात केली. ऊस बुंध्याशी कापायचा, पेराजवळ तिरका छेद द्यायचा, आत लालसर ठिपके दिसतात का ते बघायचं. दिसले तर आतून रोग. रानामागून रान स्वच्छ निघत गेलं. लोक आमच्या मागून चालत होते, आणि दर छेदाला पुढे वाकून बघत होते. काकीने बेणं देताना प्रत्येकाला कोयता उकळत्या पाण्यातून काढायला लावला होता, हे मला चालताचालता जानूकाकांनी सांगितलं.

शेवटी जवळजवळ सगळं बघून झालं, आणि विसाजी नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या तुकड्यात ठिपके निघाले. कुठल्यातरी जुन्या उसाला लावलेला कोयता त्यांनी न उकळता तसाच वापरला असावा. मिस्ये आंद्रेंनी मान हलवली. पोरांनी तो तुकडा तिथल्या तिथे उपटला आणि ढीग पेटवला. विसाजी विरोध न करता विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. दोन हात गुडघ्यांवर, नजर जाळावर.

तेवढ्यात काकी आली. खांद्यावर स्वतःच्या रानातले ताजे तोडलेले ऊस. मिस्ये आंद्रेंच्या देखत, त्यांना न विचारता, तिने ते विसाजींच्या पायाशी टाकले आणि कोयता काढला.

मिस्ये आंद्रेंनी पुढे होऊन तिला थांबवलं. तिच्या हातून एक ऊस घेतला, बुंध्याला छेद दिला, उजेडाकडे धरून बघितला. दुसरा घेतला. एकेक करून त्यांनी सगळे तपासले. मग ते स्वतः उचलून विसाजींकडे नेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले.

"स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "पण रोगट ऊस होता त्या सरीत नको, पलीकडच्या सरीत. लावा."

विसाजी उठले. ऊन उतरायच्या आत कांड्या मातीत गेल्या होत्या. मंजुरीचा कागद यथावकाश आला. तो आला तेव्हा विसाजींच्या उसाला फुटवे फुटले होते.